वजनकाटा, दक्षिण गोबी

सकाळी परिपत्रक आलं, फॅक्सवर अर्धं पुसट :
एका आसावर आता दहा टन, वर किलोभरही नाही.
काल रात्री दाश्न्याम खाणीतून निघाला
तेव्हा बारा चालत होते.
ट्रक तोच. कायदा वाटेत बदलला.

मी काट्यावरची बाई. आकडा वाचते, पावती फाडते.
"उतरव," म्हणाले.
त्यानं फावडं काढलं.
उणे अठ्ठावीस, श्वास मिशीवर गोठत होता.
आठ टन कोळसा एका माणसानं उपसायला किती वेळ लागतो
ते परिपत्रकात नव्हतं.

हिशेब मात्र त्याला तोंडपाठ :
डिझेल तेवढंच, टोल तेवढाच,
सीमेवरची रांग तीच चार दिवसांची,
खेप तेवढी हलकी.
टनामागे भाडं चढणार.
खाणवाला म्हणणार, बाजार पडलाय,
पलीकडचा म्हणणार, भाव आधीच ठरलाय,
मधली तूट
स्टिअरिंग धरणाऱ्याच्या ताटातून जाणार.

"रेल्वे आली की स्वस्त होईल," मी म्हणाले, उगाच.
तो हसला. भराव घालून नऊ वर्षं झालीत.
रूळ रुंद टाकायचे, आपल्या जुन्या गाड्यांचे,
की अरुंद, पलीकडच्यांचे,
राजधानीत अजून ठरतंय.
फरक चार बोटांचा. फार तर पाच.
त्या पाच बोटांत या रस्त्याची सगळी धूळ मावते,
खांडसुरेननं कापलेल्या मेंढीच्या
काळ्या फुप्फुसातलीसुद्धा.
भरावाच्या आडोशाला उंट बसतात.
तेवढा उपयोग.

या धंद्यात वजन ठेवायच्या जागा दोन :
एक काटा, दुसरी फाइल.
दुसऱ्या जागी ठेवलं की पहिल्यावरचं आपोआप उतरतं, म्हणतात.
मी घेतलं नाही कधी.
खरं सांगायचं तर कुणी दिलंच नाही.

उपसलेला ढीग रस्त्याकडेला राहिला.
खाणीचा नाही, सरकारचा नाही, नोंदच नाही.
रात्री खांडसुरेन पोती घेऊन आली, सोबत दोन मुलं.
मी खिडकीतला दिवा मालवला.

सहाव्या दिवशी दाश्न्याम रिकामा परतला.
ट्रक पुढे लावून पावतीसाठी मागे आला,
काट्याच्या मधोमध उभा राहिला. "मोज," म्हणाला.
आमचा काटा वीस-वीस किलोंनी मोजतो.
ऐंशी. मग साठ. पुन्हा ऐंशी.
वारा होता, की तोच थरथरत होता?

मी साठ लिहिलं.
कमी असलेलं बरं.