वीस वेळा

एफिऑनचा गुडघा गेला, म्हणून हे ब्रेक स्वस्तात मिळाले.
बुटांच्या खोक्यातून आले: दोन चकत्या, दोन कॅलिपर,
गुंडाळलेल्या काळ्या नळ्या,
आणि त्याच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी,
“मागचा जरा रडतो. माझ्यासारखाच.”

नेस्टच्या सायकलला चिमट्यावर दोन भोकं होती, मागे दोन,
घेतली तेव्हापासून रिकामी.
कान टोचून ठेवलेत
आणि डूल घ्यायचे राहून गेलेत, तशी.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं.
बाहेर पाऊस, म्हणजे विशेष काही नाही,
वेल्सच्या या खोऱ्यात पाऊस पडत नाही, राहतो.
चकतीला सहा स्क्रू. ओळीनं नाही पिळायचे,
समोरासमोरचे, थोडे थोडे.
“चकतीला बोट लावू नकोस,” मी म्हटलं,
“कातडीचं तेलसुद्धा पुरतं. मग ब्रेक धरत नाही.”
“माहितीये,” नेस्ट म्हणाली.
पंधराव्या वर्षी सगळंच माहिती असतं.
मलाही होतं.

नळी कापली, पितळी मणी चढवला,
सिरिंजनं तेल भरलं. बुडबुडा एकच,
पण तो आत कुठेतरी दडून बसला,
आणि तो असेपर्यंत लिव्हर नुसता हो हो म्हणतो,
मूठ मिटते, खाली काही घडत नाही.
मी नळीला टिचक्या मारत होते
तेव्हा तिनं विचारलं, शनिवारी येणारेस का बघायला.
म्हटलं, मी व्हॅनवर आहे.
दिवसाला बारा खेपा. मागे सायकली,
आत चिखलानं माखलेली पोरं,
खाणीच्या माथ्यावर नेऊन सोडायची.
उतरतात ती. चढते मी.
नेस्ट काही बोलली नाही. चाक काढलेलं होतं
आणि तिनं लिव्हर दाबला, मुद्दाम की उगाच,
आतली दोन्ही पॅडं एकमेकांना चिकटून बसली.
पाऊण तास गेला ती सोडवण्यात,
चपट्या पात्यानं, ओरखडा न उठवता.

माझे वडील याच खाणीत ब्रेकवाले.
उतारावर रूळ, माथ्यावर लाकडी ढोल, ढोलाला दोर.
भरलेल्या वाघिणी उतरताना रिकाम्यांना वर ओढायच्या.
इंजिन नाही, काही नाही,
मधे फक्त दांड्यावर एका माणसाचा हात.
तो दगड छपरांवर गेला, शाळांच्या पाट्यांना गेला,
कुठल्या कुठल्या मुलांनी त्यावर गिरवलं, थुंकीनं पुसलं.
त्यांचा उजवा खांदा कायम खाली असायचा.
आम्ही चौघं बटाट्यांवर तुटून पडलो की म्हणायचे,
“आरा देग, आरा देग.”
दमानं घ्या.

नवी पॅडं आधी धरत नाहीत.
त्यांचा थर चकतीवर बसावा लागतो.
वेगात यायचं, दाबायचं,
जवळजवळ थांबायचं, थांबायचं नाही.
वीस वेळा.

रात्री दहाला पाऊस ओसरला. नेस्ट चॅपेलपर्यंत चढली,
मी फाटकाशी मोजत उभी.
कचऱ्याच्या डब्याशी तिनं लिव्हर दाबला
आणि तशीच माझ्यासमोरून सुसाट, तीन घरं पलीकडे.
“धरत नाहीये!”
“धरेल.”
चौथ्यांदा दोन घरं.
आठव्यांदा मिसेस प्रिदर्कचा पडदा हलला.
अकराव्यांदा मागचा रडला, अगदी एफिऑनच,
आणि आम्ही दोघी हसलो, ती तिकडे, मी इकडे.
चौदाव्यांदा नेमकी फाटकाशी.
मग माझ्याही अलीकडे, दर खेपेला हातभर,
डबा आणि मी यांच्या मधल्या अंधारात
चाक मंदावायचं,
पाय टेकता टेकता राहायचा
आणि ती वळून पुन्हा चढायची.

“झाले वीस?”
“अजून एक,” मी म्हटलं. बहुधा खोटं.

शेवटी आली, उतरली.
ओल्या चकतीतून वाफ निघत होती, करपल्याचा वास.
मी वाकले, बोट पुढे केलं.
“हात लावू नकोस,” नेस्ट म्हणाली, “भाजेल.”
“माहितीये,” मी म्हटलं.