वळण

लिंबाच्या सालीला वळण देण्यात
माझी सहा वर्षं गेली.

हुकस्त्रा मास्तर सांगायचे,
साल टेबलाच्या कडेवरून लोंबली पाहिजे,
सुटता सुटता थांबलेली.
आधी तपकिरी थर. वाळू दे.
मग करडा. तोही वाळू दे.
मग पिवळा, जवसाच्या तेलात इतका पातळ
की आहे की नाही कळू नये.
तोवर खऱ्या लिंबाला बुरशी चढलेली असायची
आणि मी आठवणीतून रंगवत बसायचे,
तीही आठवण दुसऱ्याच कुणाची.

दिवसा मी हार्लिंगनच्या धक्क्यावर
बेटांकडे जाणाऱ्या बोटींची तिकिटं विकते.
संध्याकाळी सुरई मांडते. जुन्या बाजारातली, जस्ताची.
चित्रात ती चांदीची होते.
शेजारची बाउक्ये चष्मा पुसून बघते,
म्हणते, चित्स्के, अगदी म्युझियममधल्यासारखं गं!
त्या 'सारखं'पाशी
दर वेळी मला ठेच लागते.

नोव्हेंबरात वादळ आलं, बोटी बंद,
मी दुपारीच घरी.
बाउक्येनं कागदात गुंडाळून एक लेपा दिला,
परवाच्या जाळ्यातला शेवटचा.
आजच खा, म्हणाली, उद्या वास मारेल.

लिंबू आठवडाभर थांबतं,
सुरई जन्मभर.
मासा थांबत नाही.
आणि उत्तरेच्या खिडकीतला उजेड
चारला पाठ फिरवतो.

बारीक कुंचले टर्पेंटाइनमध्ये भिजत पडलेले,
म्हणून कॅनव्हासला अस्तर द्यायचा रुंद ब्रश उचलला.
ओल्या रंगावर ओलाच रंग.
पोटाचा पांढरा एका फटकाऱ्यात,
तो कडेपर्यंत पोचलाच नाही, तसाच सोडला.
शेपटीपाशी कापड उघडं राहिलं.
डोळ्याला एक ठिपका, अंगठ्यानं दाबलेला.
मास्तरांची आठवण काढायलाही
वेळ नव्हता.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.
लाजच वाटली, खरं सांगायचं तर.

मग मासा तव्यावर टाकला
आणि राईच्या पावाला लोणी लावायला घेतलं.
सुरी डावीकडून टेकवली, एका ओढीत आणली,
कोपऱ्याशी उचलली.
कोपरा कोरडा.
आई ओरडायची, कोपरे काय उंदरांना ठेवतेस का?
पन्नास वर्षं झाली, कोपरे कोरडेच.

सुरी हातातच होती.
तशीच जाऊन चित्र फिरवलं.
माशाच्या पोटावर
तीच ओढ, तोच उचललेला हात,
तोच कोरडा कोपरा.

म्हणजे जिला मी सहा वर्षं
सालीच्या वेटोळ्यात शोधत होते
ती रोज सकाळी सातला
माझ्याच ओट्यापाशी उभी राहून
पावाला लोणी लावत होती.

फार आनंद झाला असं नाही.
एवढंसंच आहे का माझं, असंही वाटून गेलं.

बाउक्ये ताट न्यायला आली, चित्र बघून गप्प झाली.
मग म्हणाली, अजून पुरं व्हायचंय ना हे?
मी म्हटलं, मीठ देतेस का जरा?

टेबलावर मांडलेलं लिंबू घेतलं,
सोललं नाही.
मला कधीच सलग साल काढता आली नाही, तुटतेच.
चार फोडी केल्या,
माशावर पिळल्या,
बिया बोटानं बाजूला सारल्या.

बोटावरचा पांढरा रंग
एका बीला लागला.