शेवटचा आकडा सात

ताकुआरेंबोच्या लोकर-गोदामात मी पोचले
तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.
वॉल्डेमारने येर्बाचा पेला पुढे केला, म्हणाला,
दोघांचं पुन्हा वाजलंय.

दोघं म्हणजे
एक काट्याजवळचं, अठ्ठ्याण्णव सालचं, पिवळं पडलेलं,
कीबोर्डच्या फटींत लोकरीचे तंतू,
आणि दुसरं नेलिदाच्या टेबलावरचं, चार वर्षांनी धाकटं.
दोघांच्याही पडद्यावर तोच राखाडी चौकोन:
हा पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय.
शेवटी सात. दोघांनाही सातच हवा.

ते जुनं काढूनच टाका ना, नेलिदा म्हणाली.
वॉल्डेमार काही बोलला नाही.
काट्यावर गासडी तशीच पडून होती,
तिच्यावर त्याने खडूने लिहिलं होतं: ४१२.

आत एकावर एक तीन प्रोटोकॉल,
खोली न सोडणाऱ्या भाडेकरूंसारखे.
एक कामाचा.
एक कुणाच्या तरी पुतण्याने घातलेला, गेम खेळायला.
तिसऱ्याचं नावसुद्धा आता कुणी घेत नाही,
त्याची भाषा समजणारा सर्व्हर
मोंतेविदेओत केव्हाच भंगारात गेला,
तरी हे आपलं दर मिनिटाला हाक मारतंय:
आहेस का?
आहेस का?
बाहेर फक्त हबवरचा हिरवा दिवा लुकलुकतो.

तो मी काढला. बंद, चालू.
पुतण्याचा काढला. बंद, चालू.
दर वेळी यंत्र सीडी मागायचं
आणि वॉल्डेमार ती खिशातून काढायचा, रुमालात गुंडाळलेली,
तिच्यावरचा लांबलचक क्रमांक माझ्याच अक्षरात,
कुठल्या साली लिहिला ते आठवेना.

राहिला सात.
काट्याच्या प्रोग्रामात तो आकडा कोरूनच ठेवलाय,
कोरणारा एवारिस्तो स्पेनला गेला, तिथेच वारला.
म्हणजे सरकायचं नेलिदाने.
पगार मी काढते, आणि मी आठ?
कागदावर आठ, मी म्हटलं, बाकी तुम्ही पहिल्याच.
ती हसली नाही.

पिंग केलं. चार उत्तरं आली,
चौथं जरा रेंगाळत.

दीड वाजता नेलिदाच्या पडद्यावर
गासडीचं वजन उमटलं: ४११.
तिने चष्मा वर सरकवून खडूकडे पाहिलं.
वॉल्डेमार, एक किलो कुठे गेला?
वाळली, तो म्हणाला. तुमचं भांडण मिटेपर्यंत वाळली.
तुमचं म्हणजे कुणाचं, तिने विचारलं,
आणि मी माझा स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागले.