हयातीचा दाखला

नोव्हेंबर. माझगावची शाखा, काउंटर चार.
मशीनवर पाचव्यांदा तांबडा दिवा:
अंगठा उमटत नाही.
'दोरखंडांनी नेला असेल,' ती म्हणाली,
'नाहीतर लगामांनी.
आमच्यात डमी नसायचा, बाळ. डमीचे पाच रुपये वेगळे.'

फॉर्मवर सिपोरा अष्टमकर, वय सत्त्याऐंशी,
वृद्ध कलावंत मानधन.
पडद्यावरचं नाव: मिस चपला.
मला हसू आलं, ते तिनं पकडलं.
'शेठ म्हणाला, चपला म्हणजे वीज.
चाळीतली पोरं दारात वहाणा मांडून विचारायची,
मावशी, यातली तू कुठली?'

मग विचारलं नसताना सांगत बसली.
आजा अलिबागेकडे तेलाचा घाणा चालवायचा,
शनिवारी बैल सोडून ठेवायचा.
'आणि मी मेले ती बहुतेक शनिवारीच.
शनिवारी स्टुडिओ अर्ध्या भाड्यात मिळे.'

चेंबूरला कड्यावरून. कडा पुठ्ठ्याचा,
खाली गवताच्या गाद्या, एक कमी.
अंधेरीला वाघाकडून. वाघ सर्कशीतला, अफू दिलेला,
तिच्या मांडीवर झोपून गेला,
ओरडणं तेवढं तिचं.
हिरोच्या नावच्या गोळ्या तर किती,
सगळ्या इंटरव्हलच्या आत.
'पुढे हिरॉइन यायची ना. तिला गाणी असत.'

आई एकदाच आली होती, पिला हाउसला.
लेक मेली तशी उठली,
पिशवी काखेत मारली, म्हणाली,
चल, आपला सिनेमा संपला.

मी मोबाइल धरला. चेहरा चौकटीत आला.
सूचना: पापण्या मिटा, उघडा.
ती मिटेना.
ट्यूबलाइटखाली सताड डोळे, छातीही हलेना,
रांगेतला एकजण पुढे सरकला,
मी 'आजी' म्हणालो, जरा मोठ्यानं,
तेव्हा कुठे
घाईघाईनं दोनदा.
'माफ कर हं. हललं की रीळ वाया जायचं.'

दाखला निघाला. हयात.
तरी उठेना. पदर सारखा केला,
काउंटरवर बोटं ठेवून हळूच म्हणाली,
'अजून एकदा घेतोस?
आमचं कधी दुसऱ्यांदा घेतलंच नाही कुणी.'

मागे अकराजण, जेवणाची सुट्टी तोंडावर,
अर्ज तर केव्हाच पुढे गेलेला.
मी फोन पुन्हा वर धरला, नुसताच.
तिनं हनुवटी किंचित डावीकडे वळवली.