दोन बोटं माया

रॉदरहॅममधलं माझं दुकान म्हणजे
मासे-चिप्सवाल्याच्या माडीवरची एक खोली.
लोकांच्या कपड्यांना व्हिनेगरचा वास नको
म्हणून खिडकी बारा महिने उघडी.

शनिवारी टॅम्सिन आली, आईबरोबर.
बहिणीच्या लग्नात पाच करवल्या,
पाचजणींचे एकसारखे फिके जांभळे झगे,
आणि हिचाच तेवढा दंडात अडकलेला.

आई म्हणाली, जाळीच्या लांब बाह्या लावाल?
म्हणजे हात जरा...
आणि तिने हवेतच काहीतरी बारीक करून दाखवलं.
मीही म्हणाले, वरून शाल छान दिसेल.
म्हणाले, खोटं कशाला बोलू.
वीस वर्षं हेच तर विकतेय मी,
झाकायला अर्धा मीटर जास्त.

टेप लावली. सोळा इंच.
माझ्या वहीत बायकांच्या पानावर
दंडाचा रकाना चौदाला संपतो.
मी पान उलटलं. पुढे पुरुषांची पानं होती.
तिने पाहिलं ते. सवय असल्यासारखं पाहिलं.

पोर वजनं उचलते. जुन्या चॅपलच्या तळघरात,
आठवड्याचे पाच दिवस.
गेल्या महिन्यात एकशे चार किलो डोक्यावर नेलं
तर गावच्या पेपरवाल्याने विचारलं,
नखं कशी सांभाळतेस?
आणि छापलं, एरवी मात्र ती अगदी मुलीसारखी मुलगी.
कात्रण आईच्या पर्समध्ये आहे. आईला आवडलंय.

मुलीसारखी मुलगी.
साखर साखरेसारखी आहे हो, असं
कोणी चहा पिताना म्हणत नाही.

आमच्या तासगावचा कासार आठवला.
माझा चुडा भरताना साबणाने हात बुळबुळीत करून
दाबत होता, दाबत होता,
तिसरी बांगडी फुटली, मग पाचवी.
हाडापेराची आहे पोर, तो आईला म्हणाला
आवाज उतरवून, दुखणं सांगावं तसा.
आई म्हणाली, अंगठा आत घे. हात लहान कर.
रक्त आलं. मी हूं की चूं केलं नाही.
आणि त्याच गल्लीत मारामारीतून पळालेल्या गड्याला
म्हणायचे, जा, बांगड्या भर.

टॅम्सिनची आई मध्येच खाली गेली,
पार्किंगच्या मीटरात नाणी टाकायला,
नाहीतर दंड भरावा लागेल म्हणत.
खोलीत आम्ही दोघी.
तिच्या तळव्याच्या भेगांत पांढरं,
माझ्या चिमटीत पांढरं. खडू तेवढा वेगळा.
घट्टे दोघींना. माझा सुईचा, मधल्या बोटावर.

मग ती बोलली, पहिल्यांदाच.
हात वर केले तर उसवणार नाही ना?
बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा आहे,
त्याला खांद्यावर घेऊन नाचायचंय मला.

बघू, म्हटलं, कर.
तिने केले. दोन्ही. सरळ,
छताला टेकवायचे असल्यासारखे.
तट्. तट्. तट्. सगळे कच्चे टाके गेले,
टाचण्या फरशीवर सांडल्या.
सॉरी, म्हणाली ती,
आणि एवढी मोठी पोर खांदे आत घेऊन
एवढीशी झाली.

अंगठा आत घे.

हात खाली घेऊ नकोस, मी ओरडलेच.
माझं माप चुकलंय. वर ठेव. तसाच ठेव.
आणि स्टुलावर चढून, तोंडात टाचण्या धरून,
हात वर असतानाचं माप घेतलं.
इतक्या वर्षांत असं माप
मी कुठल्याच बाईचं घेतलं नव्हतं.

रात्री बाह्या काढून टाकल्या.
बगलेत कळी घातली.
वहीतल्या त्या रकान्याखाली पेन्सिलीने
पंधरा, सोळा, सतरा लिहिलं, थोडं तिरकं.
आणि शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडली.
एकोणीसची आहे. तिचे दंड
अजून भरायचेत.

गुरुवारी आई येईल न्यायला.
जाळी घडी करून पिशवीत ठेवलीय.
तिला काय सांगायचं
ते तेव्हा बघू.