ओळंबा

नाओएत्सूच्या पुढे, समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्यावर,
खेकडे उकडणाऱ्या टपऱ्यांसमोरच्या वाहनतळात
आम्हा अकरा गाड्यांना त्यांनी ओळीत उभं केलं.
नोव्हेंबर. दोन पोलीस, एक शिट्टी,
आणि परिवहन खात्याचे उसुई-सान,
निवृत्तीला टेकलेले, कानटोपीवाले,
हातात पितळेचा ओळंबा.

हो, ओळंबा. गवंड्याकडे असतो तोच.
मडगार्डच्या कडेला दोरीचं टोक धरायचं,
पितळ खाली सोडायचं,
आणि बघायचं, चाक दोरीच्या आत राहतं का.
पुढे तीस अंश, मागे पन्नास,
एवढ्या पाचरीत
टायरवरची अक्षरं दहा मिलिमीटर फुगली तर माफ,
चाकाची कड मात्र केसभरही नाही.
(केसभर म्हणजे किती, ते नियमात नाही.
मी शोधलंय.)

माझी गाडी पांढरी, सत्त्याण्णव सालची.
मागची चाकं वरून आत, खालून बाहेर,
फेंगडी.
आई म्हणते, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी उभी असते,
आत्ता पडेल, मग पडेल.
टायर आतल्या अंगानं झिजतात, सहा महिन्यांत तारा दिसतात,
पगारातला केवढा तरी भाग
असा रस्त्याला घासून जातो.
मी वृद्धाश्रमात आहे. दिवसभर असल्याच पायांना चालवते.
मोरिवाकी आजोबांच्या गुडघ्यांमधून
मांजर आरामात जाईल.
त्यांना कुणी नोटीस चिकटवत नाही.

आठ गाड्या झाल्या. तीन अडकल्या.
माझी नववी. आणि तेवढ्यात वारा उठला.

दोरी ठरेना.
पितळ कधी माझ्याकडे, कधी कोरियाकडे,
एकदा तर थेट चाकावर
टण्ण.
"धरायचं का हे?" तरुण पोलिसानं वही उघडली.
"ते वाऱ्याचं आहे," उसुई-सान म्हणाले,
"तिचं नाही."

मग सगळेच थांबलो.
खेकडेवाली बाईसुद्धा झाकण हातात धरून.
सुतासारखं सरळ, असं आपण म्हणतो,
पण सूतच सरळ नव्हतं त्या संध्याकाळी.

मी जॅकेट काढलं,
समुद्राच्या बाजूला जाऊन उकिडवी बसले,
दोन्ही हातांनी पसरून धरलं.
नंतर सगळ्यांनी विचारलं, वेडी का तू,
पुढच्याच्या हातात दोरी
आणि तू त्याला आडोसा करतेस?
काय सांगणार.
इतकं लहानसं पितळ
इतकं कावरंबावरं झालेलं मला बघवेना.

ते थांबलं.
दोरी आणि टायर यांच्या मधून
उसुई-साननी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड घातलं,
ते न अडता पलीकडे निघालं.
"आत आहे," ते म्हणाले. जरा नाराजच वाटले,
किंवा थंडी असेल.

मग खिशातून लाकडाचा ठोकळा.
नऊ सेंटिमीटर, चारी बाजूंनी गुळगुळीत.
जमिनीवरून सरकवत गाडीखाली नेला,
अर्ध्यावर गेला
आणि अडला,
मागच्या वर्षीच्या बुटात पाय अडतो तसा.
"आठ पॉइंट चार."
मी अजून जॅकेट धरूनच बसले होते.

काचेवर स्टिकर. पंधरा दिवसांत दुरुस्त करून दाखवा.
त्यांनी तो अंगठ्यानं चारी कोपऱ्यांत दाबला,
फुगा राहू नये म्हणून,
एखाद्या आवडत्या गोष्टीवर दाबावा तसा.

"ठोकळा कुठला?" मी विचारलं.
"देवदार. बायकोच्या कपाटातला उरला होता."
कपाट आहे का, बायको आहे का,
दोन्ही मी विचारलं नाही.

ते दहाव्या गाडीकडे निघाले
आणि माझी नजर, सवयीची, खाली गेली:
उजवं पाऊल बाहेर पडतंय, कंबर मागे राहतेय,
तीन वर्षं, फार तर चार.
"उसुई-सान," मी हाक मारली,
"उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय."
ते थांबले. वारा पुन्हा सुटला होता,
ओळंबा मुठीत.
"किती?"
"केसभर."

त्यांनी पोलिसाच्या खांद्याला धरून
एका पायावर उभं राहून टाच पाहिली.
बराच वेळ पाहिली.
मग पुढच्या गाडीच्या मडगार्डला दोरी लावली.