मोल

डर्बीशरच्या त्या गावात, फेब्रुवारी सरताना,
ऑड्री विबर्लीच्या हिरवळीवर
सात ढिगारे उगवले, काळेभोर, ताजे,
कुणी रात्रभर माती चाळत बसावं तसे.

नवरा असता तर शिव्या घालत बाहेर आला असता.
चाळीस वर्षं त्यानं हे गवत
इस्त्री फिरवल्यासारखं पट्ट्यापट्ट्यांनी कापलं.

शेजारी म्हणाला, मोल आहे, भुयारं खणतो,
डांबरगोळ्या टाका.
टाकल्या. आठवा ढीग गोळ्यांसकट वर आला.
मग बाटलीचं भिरभिरं, मग एरंडेल, लसूण,
शेवटी ग्रिमशॉला फोन.

तो टाचेनं जमीन चाचपत फिरला,
एका जागी गुडघे टेकले.
"रस्ता इथून," म्हणाला, आणि सापळा पुरला.
पैसे नगावर.

तिसऱ्या दिवशी तिच्या तळहातावर ठेवली
मूठभर मखमल,
कुरवाळावी तिकडे वळणारी.
डोळे शोधूनही सापडेनात.
आणि हात. रुंद, गुलाबी, बाहेर वळलेले,
नखांत माती,
बागेतून तसाच जेवायला येऊन बसलेल्या माणसाचे.

"बारा पौंड," ग्रिमशॉ म्हणाला.
तिनं वीस दिले, सुटे परत घेतले नाहीत.
सापळे मात्र घेऊन जा म्हणाली.

आता सकाळी ती ढिगारे मोजते,
भुसभुशीत माती पत्र्याच्या डब्यांत भरते,
टोमॅटो लावते त्यात.
गवत घोट्यापर्यंत आलंय.
शेजारी कुंपणावरून बघतो, बोलत नाही.

काल अकरा होते.